भुरीचा कान

गेल्या शनिवारी आमच्याकडे पुण्याची एक फॅमिली उतरली होती, नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. चहा घ्यायला अंगणात आले आणि पायरीवर पसरलेल्या भुरी या कुत्रीकडे बघून त्या ताई एकदम म्हणाल्या, "अहो, हिचा कान कुणी कापला? काय निर्दयी असतात ना लोक!" आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच विळी घेऊन बसले होते. मी म्हटलं, ताई, कापलाय खरा, आणि आम्हीच वर्गणी काढून कापून घेतलाय. झालं. आजींनी चहाचा कप खाली ठेवला.

मग अर्धा तास सगळं रामायण सांगावं लागलं. दर वीकेंडला कुणाला ना कुणाला सांगावंच लागतं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, पुढच्या वेळी सरळ लिंक पाठवीन आणि तेवढ्या वेळात माझे घावणे तरी होतील. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. दापोली तालुका, समुद्र, माडाच्या वाड्या, पंधरावीस होमस्टे, एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, त्यांनी मनात ठेवा.

तर भुरी. भुरी आमची नाही. म्हणजे आता आहे, पण तेव्हा नव्हती, तेव्हा ती बीचची होती. आमच्या गावात कुत्री तीन जातीची, घरची, वाडीची आणि बीचची. घरच्या कुत्र्याला साखळी असते, वाडीच्या कुत्र्याला दोनचार घरं ठरलेली असतात, आणि बीचच्या कुत्र्याला टुरिस्ट असतात. दिवाळीच्या सुट्टीत लोक आले की बीचवरच्या टपरीतून पारले-जीचे पुडे घेतात आणि कुत्र्यांना घालतात, मुलांना मजा वाटते, फोटो निघतात, रील निघतात. नाताळात तेच. फेब्रुवारी-मार्चला कासवं बघायला लोक येतात तेव्हा तेच. मे महिन्यात तर विचारूच नका, एकेका कुत्र्याला दिवसाला दहादहा पुडे, वर तळलेल्या सुरमईचे काटे आणि चिकनची हाडं. मेमध्ये आमच्या बीचवरची कुत्री एखाद्या सरपंचासारखी चालतात.

आणि मग जून येतो. पाऊस लागला की टुरिस्ट गायब, टपऱ्यांना ताडपत्री. त्यातच १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, म्हणजे जेटीवर जो माशांचा कचरा पडायचा तो पण बंद. मे महिन्यात दहा पुडे खाणाऱ्या कुत्र्याला जूनमध्ये काहीच नाही. कुठे जाणार ते? वाडीत येतं, कोंबडी उचलतं, शेळीच्या करडाला धरतं, मग त्याला कोयती बसते किंवा उकळतं पाणी. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या पावसाळ्यात पाठ भाजलेली एक कुत्री बघितली होती, तिच्या पाठीवर परत केस आलेच नाहीत, आणि तेव्हा मला वाटलं होतं की काय दुष्ट लोक आहेत या गावातले. दुष्ट वगैरे कुणी नव्हतं हो. जिनं पाणी टाकलं तिची तीन करडं गेली होती आणि त्या करडांवर तिच्या मुलाची फी होती. पण कुत्रीची पाठ भाजली ती भाजलीच.

आणि हे मी फार शहाणपणानं लिहितेय असं वाटत असेल तर थांबा, कारण त्या कुत्र्यांना पोसणाऱ्यांत मी एक नंबर होते. टुरिस्ट दोन दिवस घालतात, मी रोज घालत होते. तेही माया म्हणून कमी आणि कचरा जावा म्हणून जास्त. सीझनला आमच्याकडे दिवसाला वीसेक पानं जेवतात, तेवढ्या माशांची डोकी, आतडी, कोलंबीची सालं, कुठे टाकणार? ग्रामपंचायतीची गाडी ओला कचरा नेत नाही. मग संध्याकाळी घमेलं भरून सुरूच्या बनापलीकडे ओतून यायचं. सगळे होमस्टेवाले हेच करायचे. सकाळपर्यंत साफ. आम्ही म्हणायचो, कुत्री आहेत म्हणून बरंय.

आता कासवांचं. आमच्या बाजूला कासव म्हटलं की वेळासचं नाव निघतं आणि ते बरोबरच आहे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या मंडळींनी तिथे काम सुरू केलं. त्याच्या आधी समुद्रावर कासवाची अंडी सापडली की ती घरी नेऊन खायची किंवा विकायची, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आमच्या सासूबाईसुद्धा सांगतात की लहानपणी खाल्लीयेत, चव काही खास नसते म्हणे. मग त्याच गावातल्या लोकांनी अंडी राखायला घेतली, हळूहळू आंजर्ले आणि पुढे बाकीच्या किनाऱ्यांवर ते पसरलं. आज आमच्याकडे पहाटे समुद्रावर फिरणाऱ्या माणसाला कासवमित्र म्हणतात आणि आमच्या गावात हे काम माझे चुलत दीर करतात. मी त्यांना भाऊजी म्हणते, इथेही भाऊजीच लिहीन.

आमच्याकडे येतात ती ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. त्यांची मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, पिंगपाँगच्या बॉलसारखी दिसतात पण कवच मऊ, मग वाळू लोटून वर आपलं अंग आपटून आपटून दाबते आणि समुद्रात निघून जाते. मागे वळून बघत नाही. वाळूवर तेवढे ट्रॅक्टरच्या टायरसारखे माग राहतात. भाऊजी पहाटे पाचला बॅटरी घेऊन निघतात, माग शोधतात, काठीनं हलकेच चाचपून घरटं काढतात आणि अंडी बादलीत वाळू घालून हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या जागेत, आणतात, तिथे तसाच खड्डा करून पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, थंड राहिली तर नर, हे भाऊजी गेस्टना इतक्या वेळा सांगतात की आमच्या पोराला पाठ झालंय.

या जनावरांचा प्रवास पण काय असतो बघा. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत वेळास, आंजर्ले आणि गुहागर मिळून पाच माद्यांना सॅटेलाइट टॅग, म्हणजे त्या कुठे आहेत ते कळवणारं यंत्र, लावले होते, प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी अशी नावं ठेवून, आणि तेव्हा आमच्या गावात लोक मॅच बघितल्यासारखे मोबाईलवर नकाशे बघायचे. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ ला ओडिशात पायाला टॅग लावलेलं एक कासव २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालून गेलं. अख्ख्या हिंदुस्थानाला वळसा. आमच्या गावातून दापोलीला जायचं म्हटलं तर आम्हाला एसटी मिळत नाही.

तर अशा या पाहुणीचं घरटं भुरीनं उकरलं.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. भाऊजी पहाटे गेले तर माग सापडले आणि मागाच्या टोकाला खड्डा, आजूबाजूला पांढरी सालं आणि पिवळा चिकट रस वाळूत मुरलेला, आणि भुरी अजून तिथेच, नाकाला वाळू लावून शेपटी हलवत उभी. तिला भाऊजी रोज भेटायचे ना, तिला वाटलं आले आपले. आठवड्यात दुसरं घरटं गेलं. कुत्र्याला वास येतो, भाऊजींना बॅटरी लागते, या शर्यतीत जिंकणार कोण हे ठरलेलंच. दुसऱ्या वेळी भुरीबरोबर अजून चारपाच होती. भाऊजी आमच्या ओटीवर येऊन बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, चहा पण गार केला. मला काय बोलावं कळेना, कारण आदल्या संध्याकाळी मीच तिकडे घमेलं ओतलं होतं आणि ते त्यांना माहिती होतं.

त्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडले आणि जे काय सुरू झालं ते विचारू नका. कासव महोत्सव तोंडावर, बुकिंग झालेली, पिल्लं सोडतानाचे फोटो काढायला मुंबई-पुण्याची माणसं येणार आणि इकडे घरटी फुटतायत. मुंबईत राहणारे चाकरमानी तर सगळ्यात पुढे, ठोका, संपवा, एकदाच काय तो बंदोबस्त करा. गणपतीला आणि शिमग्याला येणारी माणसं, पण आवाज सगळ्यात मोठा. मी काहीच लिहिलं नाही. नंतर लोक मला म्हणायचे तू किती केलंस कुत्र्यांसाठी, म्हणून हे मुद्दाम सांगतेय, मी तेव्हा गप्प बसले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुरूच्या बनात तीन कुत्री मरून पडलेली. कोंबडीच्या मांसात औषध घालून टाकलं होतं. शेतातल्या औषधाला आमच्याकडे नुसतं औषधच म्हणतात, त्या दिवसापासून मला तो शब्द नकोसा झालाय. कशी पडली होती ते लिहीत नाही. एवढंच सांगते की त्यांनी पंज्यांनी वाळूत चर पाडले होते, कितीतरी वेळ चाललं असणार ते. त्यातलं एक वाडीतलं म्हातारं कुत्रं होतं, बारा वर्षांचं, दात पडलेलं, त्यानं आयुष्यात कासव बघितलं नसेल. आणि बाजूला दोन कावळे आणि एक घार. औषधाला कुठे कळतं कोण कोण आहे.

भुरी वाचली ती माझ्यामुळे नाही. आदल्या रात्री एका गेस्टचं पोरगं तिला घाबरून रडत होतं म्हणून मी तिला लाकडं ठेवायच्या खोपीत कोंडून वर कडी घातली होती, आणि सकाळी काढायची विसरले. बस, एवढंच.

मी आणि माझा नवरा तक्रार द्यायला गेलो. कुठे ते लिहीत नाही. समोरच्या माणसानं आधी विचारलं, कुत्री कुणाची? म्हटलं कुणाची नाहीत. मग तक्रारदार कोण? म्हटलं आम्ही. तो हसला नाही पण पेन पण उचललं नाही. मग नवऱ्यानं मोबाईल काढून कलम वाचून दाखवलं, रात्री शोधून ठेवलं होतं त्यानं. प्राणी क्लेश प्रतिबंध कायदा आहे १९६० चा, त्यात क्रूरतेला पहिल्या वेळी दंड किती? १० रुपये ते ५० रुपये. साठ साली पन्नास रुपये ही रक्कम असेल हो, आज आमच्याकडे पन्नास रुपयांत एक सोलकढी येते. तोच आकडा अजून तसाच आहे. पण विष घालून मारणं हे वेगळं. जुन्या दंडसंहितेत त्याला दोन कलमं होती, ४२८ आणि ४२९, आणि गंमत म्हणजे त्यात जनावराची किंमत बघायचे, दहा रुपये किमतीचं मारलं तर एक शिक्षा, पन्नास रुपयांचं असेल तर जास्त. म्हणजे बीचच्या कुत्र्याचं आधी मोल ठरवायला हवं! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३२५ कलम आहे, किमतीची भानगड काढून टाकली, कुठलंही जनावर मारलं, विष घातलं, लुळंपांगळं केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. हे वाचून दाखवल्यावर पेन उचललं गेलं. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोस्टमार्टेम केलं, नमुने गेले.

पुढे? पुढे काही नाही. कोणी घातलं हे गावात सगळ्यांना माहिती आहे आणि कुणी बघितलेलं नाही. मलाही माहिती आहे. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला मी जेवून आले.

दोन दिवसांनी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. पहिला प्रस्ताव, आणि हा प्रत्येक गावात पहिला असतो, की सगळी कुत्री पोत्यात घालून टेम्पोनं घाटात सोडून यायची. त्यावर आमच्या सासूबाई, ज्या बैठकीत कधी बोलत नाहीत, त्या खांबाला टेकून बसल्या होत्या तिथून म्हणाल्या, "नि घाटवाले रात्रीची आपल्याकडं आणून सोडतात ती काय कमी हायत? तुमी तिकडं न्या, ते इकडं आणतील, डिझेलवाला तेवढा मोठा होईल." सगळे हसले, पण ते खरंच आहे. गेल्या पाच वर्षांत आमच्या फाट्यावर किती कुत्री अशी रात्रीत उगवलीयेत. आणि नसती आणून सोडली तरी मारून किंवा हलवून जागा मोकळी झाली की दुसरी येतातच, कारण खाणं तिथंच पडलेलं असतं. माझं घमेलं तिथंच असतं. एका कुत्रीला दोन महिन्यांत चारसहा पिल्लं, वर्षातून दोनदा विते, तुम्ही तीन मारलीत तर दिवाळीपर्यंत ती भरून निघतात.

हे मला कुठून कळलं, तर भाऊजींकडून. हो, भाऊजीच. ज्यांची घरटी फुटली त्यांनीच बैठकीत उभं राहून सांगितलं की मला कुत्री मारून कासवं नकोत, पिल्लं सोडताना मला ती तीन आठवतील. ते कासवांच्या कामानिमित्त सगळीकडे फिरतात, गोव्यातल्या माणसांशी त्यांची ओळख. तिथे मिशन रेबीज नावाच्या संस्थेची माणसं जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचत फिरली वर्षानुवर्षं, शाळांत जाऊन मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस झाली की रोगाची साखळी तुटते, हे गणित. तिथे लस टोचलेली, माणसं ओळखणारी कुत्री जागच्या जागी ठेवली, म्हणून ते जमलं. मारली असती तर लस टोचलेलीच मेली असती आणि नवी बिनलशीची आली असती.

तर ठरलं नसबंदी करायची. आणि ठरवणं सोपं होतं. २००१ पासून याचे नियम आहेत, २०२३ मध्ये नवीन आले, कुत्रं धरायचं, ऑपरेशन करायचं, रेबीजची लस द्यायची, आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणजे आमच्याकडे ग्रामपंचायतीची, जिच्याकडे रस्त्याच्या दिव्याच्या बल्बाला पैसे नसतात. आणि हे कुणीही उठून करायचं नाही, प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्थाच लागते. अशी संस्था आमच्या आसपास नाही. दीड महिना फोनाफोनी. शेवटी शहरातली एक टीम यायला तयार झाली, मे महिन्याच्या शेवटी, येण्याजाण्याचा आणि औषधांचा खर्च आमचा, राहणंजेवण होमस्टेवाल्यांचं. वर्गणी काढली. गंमत बघा, ग्रुपवर ठोका-ठोका करणाऱ्या चाकरमान्यांपैकी दोघांनी सगळ्यात जास्त पैसे पाठवले. आणि टेम्पो कुणी दिला माहितीये? ज्याच्या मुलीच्या साखरपुड्याला मी जेवून आले त्यानं. का दिला ते मी विचारलं नाही. डिझेलचे पैसे मात्र मोजून घेतले त्यानं.

मच्छीमार सोसायटीची शेड झाडून, डेटॉलनं पुसून घेतली, टेबलं शाळेतली. चार दिवसांत एकवीस कुत्री. टीमवाले सराईत, जाळं टाकलं की दोन सेकंदात कुत्रं आत, पण तीन दिवसांनंतर उरलेल्या कुत्र्यांना टेम्पोचा आवाज कळायला लागला आणि मग आमची सगळी वाडी मागे पळतेय, पुढे कुत्रं, मध्येच कुणाचा लेंगा कुंपणाला अडकतोय, असा सगळा शिमगा. भुरीला धरायला मात्र जाळं लागलं नाही. मी उचलून नेलं. टेबलावर घातली तेव्हा ती माझा हात चाटत होती आणि मला इतकं अपराधी वाटलं की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

आणि हा कान तेव्हाचा. भूल असतानाच कानाच्या टोकाला व्ही आकाराचा छोटा काप देतात, म्हणजे लांबून बघितलं तरी कळतं की हिचं ऑपरेशन झालंय, परत धरून भूल देऊन पोट फाडायला नको. बस एवढंच आहे त्या कानाचं. पट्टा बांधला तर तुटतो, रंग लावला तर समुद्राच्या पाण्यात जातो. कान राहतो. त्यामुळे ताई, तुम्ही कुठल्याही गावात कापलेला कान बघितलात तर समजा, या कुत्र्यासाठी कुणीतरी फोन फिरवलेत.

सगळं गोड झालं असं नाही. एक कुत्री दगावली, भुलेतून उठलीच नाही, आधीच अशक्त होती. तिच्यावरून दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं की तुम्ही पण मारलंतच ना. उत्तर नव्हतं माझ्याकडे. बाकीच्यांना चारपाच दिवस शेडमध्ये ठेवून, टाके सुकल्यावर एकेकाला आपापल्या जागी सोडलं, बीचचं बीचवर, वाडीचं वाडीत. दवाखान्यासारखं वॉर्ड होतं ते, सासूबाई दोन वेळा भात शिजवून पाठवायच्या आणि वर म्हणायच्या माझ्या बाळंतपणात एवढी सेवा कुणी केली नव्हती.

आणि घमेलं? ते बंद. परसात खड्डा केलाय, त्यात माशांचा कचरा, वर माती आणि थोडा चुना, भरला की त्याच्यावर केळ लावायची. केळी अशा आल्यात की शेजारचे विचारतात काय घालतेस. पण सगळे होमस्टेवाले ऐकतात असं मुळीच नाही. आम्ही धरून सात जण खड्डा करतात, बाकीचे अजून बनापलीकडे जातात, फक्त आता अंधार पडल्यावर जातात. ही पण प्रगतीच.

गेस्टना मी आता चेक-इनलाच सांगते, बीचवर कुत्र्यांना बिस्किटं घालू नका. निम्मे लोक दुखावतात, त्यांना वाटतं ही बाई काय जनावराच्या तोंडचा घास काढते. अहो, घालायचंच तर जुलैमध्ये येऊन घाला ना. मेमध्ये घातलेलं बिस्किट तुमच्या आनंदासाठी असतं, कुत्र्याच्या पोटासाठी नसतं. तिथेच बीचवर मे महिन्यात भर दुपारी उभा असतो तो उंट, त्याच्यावर बसून तुम्ही फोटो काढता आणि खाली उतरल्यावर कुत्र्याला बिस्किट घालता. राजस्थानातलं कोरड्या हवेतलं जनावर आमच्या घामट दमट हवेत, पाठीवर दिवसभर पोरं. त्या उंटाबद्दल मला कधीच कुणी विचारत नाही. त्याचे कान अख्खे आहेत ना.

मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ऑर्डरी आल्या तेव्हा गावात परत चर्चा. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीबद्दल आलं की सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, की लगेच ग्रुपवर, बघा, आम्ही काय सांगत होतो. २२ ऑगस्टला ते बदललं, नसबंदी-लसीकरण करून परत सोडा, पिसाळलेली आणि अंगावर जाणारी सोडून, की लगेच दुसऱ्या बाजूचे, बघा. मग नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटल, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली उचला आणि परत तिथे सोडू नका. आमच्याकडे शाळा, दवाखाना आणि स्टँड एकाच चौकात, आणि शेल्टर जिल्ह्यात शोधावं लागेल. ज्यांना कुत्रं चावलंय, ज्यांच्या घरी पोरगं गेलंय रेबीजनं, त्यांचा राग मला कळतो, मला त्यांच्याशी वाद घालायचा नाहीये. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस हाती लागत नाही, यात काही गंमत नाही. पण राग आल्यावर कोंबडीत औषध घालणं सोपं आणि दीड महिना फोन करणं अवघड, म्हणून पहिलं होतं आणि दुसरं होत नाही, एवढंच मला गेल्या वर्षात दिसलं.

या सीझनला काय? पावसाळ्यात नवी पिल्लं एकच वेत झाली, गावात बाहेरून आलेल्या एका कुत्रीची. घरटी या वर्षी आतापर्यंत एक सोडून सगळी हॅचरीत आलीयेत. आणि ते एक कुणी उकरलं असेल? भुरीनंच. ऑपरेशन पोटाचं झालंय, नाकाचं नाही. त्यामुळे आता डिसेंबर ते मार्च ती रात्री खोपीत कोंडलेली असते, आणि पहाटे भाऊजी तिला दोरी लावून बरोबर नेतात. ती माग हुंगत पुढे आणि हे दोरी ताणत मागे. बॅटरीपेक्षा बरी पडते म्हणतात. दोनदा तर जिथे भरतीनं माग पुसले होते तिथे तिनं वास काढून दाखवला. नंतर भाऊजी खिशातून सुक्या बांगड्याचा तुकडा देतात. ती घरट्याकडे बघते, मग तुकड्याकडे बघते, आणि शेवटी तुकडा घेते. अजून तरी.

हे लिहीत होते तेवढ्यात नवरा फाट्यावरून आला, हातात केळीचा खोका. त्यात दोन पिल्लं, एक काळं एक पांढरं, महिन्याभराची असतील, एसटी स्टँडच्या कठड्याखाली कुणीतरी ठेवून गेलं होतं. मी टीमला फोन लावला तर म्हणाले पिल्लं अजून फार लहान आहेत, आणि तसंही आमची तारीख आता गणपतीनंतरच. मी नवऱ्याला म्हटलं, हे बघ, आपल्याकडे ठेवायची नाहीत, आधीच सांगते. आत सासूबाई वाटीत दूध घेऊन बसल्या होत्या. काळ्याचं नाव बंड्या ठेवलंय.